उत्तरेचा हिवाळा, दक्षिणेचा उन्हाळा आणि घरातली रेल्वे

अमेरिकेत मॉडेल रेल्वे, म्हणजे खऱ्या रेल्वेची छोटी, चालती प्रतिकृती घरात उभारणे, हा हिवाळ्याचा छंद मानला जातो. नोव्हेंबर हा तर 'मॉडेल रेल्वेचा महिना' म्हणूनच साजरा होतो, मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्डचे मोठे प्रदर्शन ऐन जानेवारीच्या अखेरीस भरते, आणि ख्रिसमसच्या झाडाभोवती फिरणारी गाडी हे या छंदाचे सर्वांना ठाऊक असलेले रूप आहे. मिनेसोटात राहत होतो तोवर मलाही हे सगळे स्वाभाविकच वाटत असे. नोकरीनिमित्त ह्यूस्टनला येऊन स्थायिक झाल्यावर मात्र लक्षात आले की माणसाला घरात बसवणारा ऋतू प्रत्येक प्रदेशात वेगळा असतो, आणि त्यानुसार छंदाचे स्वरूपही बदलते. उत्तरेच्या हिवाळ्यात मी रेल्वे बांधत होतो. दक्षिणेच्या उन्हाळ्यात मी ती चालवतो. हा फरक केवळ माझ्या आवडीचा नाही. घरांची रचना, हवेतील आर्द्रता आणि दिवसाची लांबी या तिन्हींनी मिळून तो घडवला आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात घरापासूनच करायला हवी. उत्तरेकडे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि गोठताना फुगते, म्हणून घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांनुसार राज्याच्या दक्षिण भागात ही खोली साडेतीन फूट, तर उत्तर भागात पाच फूट आहे. एवढे खोदायचेच असेल तर आणखी थोडे खोदून पूर्ण उंचीचे तळघर करून घेणे फारसे महाग पडत नाही, आणि त्यामुळे तिकडच्या बहुतेक घरांखाली घराच्या क्षेत्रफळाएवढी मोकळी जागा तयारच असते. अमेरिकेतील मोठमोठे लेआउट, म्हणजे रूळ आणि भोवतालच्या देखाव्यासह केलेल्या अख्ख्या मांडण्या, तळघरांत उभे राहिले, त्याचे श्रेय या गोठणाऱ्या जमिनीलाही द्यायला हवे. आमच्या तळघरात मी भिंतींच्या कडेने एचओ प्रमाणातील, म्हणजे मूळ आकाराच्या १/८७ अशी मार्गिका फिरवली होती, आणि मधल्या जागेत आणखी एक शाखा काढली तरी कपडे धुण्याच्या यंत्राला कोणी हलवा म्हटले नाही.

ह्यूस्टनमध्ये जमीन गोठत नाही. ती चिकणमातीची आहे, पावसात फुगते, कोरड्या दिवसांत आकसते, आणि भूजलही फार खोल नाही. त्यामुळे घरे थेट काँक्रीटच्या लादीवर उभी असतात आणि तळघर हा प्रकारच नसतो. मग उरतात तीन पर्याय: पोटमाळा, गॅरेज आणि एखादी रिकामी झोपण्याची खोली. पोटमाळा उन्हाळ्यात ५० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. तिथे माणूस तर काम करू शकत नाहीच, पण सामानही टिकत नाही. आजकाल अनेक जण इमारती आणि लहानसहान भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापतात. हे प्लास्टिक साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडू लागते. पोटमाळ्यावर खोक्यात ठेवलेले पीएलएचे पाण्याचे टाकीघर उन्हाळा संपेपर्यंत एका अंगाला कलते. गॅरेजची स्थिती थोडी बरी, पण समाधानकारक नव्हे. म्हणून दक्षिणेत लेआउट घराच्या आत, एसीच्या हवेत, एका खोलीत मावेल एवढाच करावा लागतो. माझा आताचा लेआउट म्हणजे भिंतींवर छातीच्या उंचीला बसवलेली एक अरुंद फळी आहे, आणि तळघराच्या तुलनेत ती फारच लहान आहे. पण ती लवकर पूर्ण झाली. बांधण्यासारखे फारसे उरले नाही, तेव्हा चालवण्याकडे लक्ष गेले.

आता हवेकडे वळतो, कारण या विषयात खरी गंमत तिथेच आहे. खऱ्या रेल्वेत रूळ उन्हाळ्यात तापून वाकतात, हे सर्वांना माहीत असते. त्यामुळे मॉडेलच्या रुळांचेही तसेच होत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. उत्तरेच्या तळघरात मात्र नेमके उलटे घडते: रूळ ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत वाकतात. याचे कारण रूळ नसून त्यांच्याखालचे लाकूड आहे. बाहेरची उणे १५ अंशांची हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. स्वयंपाक, आंघोळ आणि आर्द्रता वाढवणारे यंत्र यांमुळे ती थोडीफार सावरते एवढेच. अशा कोरड्या हवेत प्लायवुड आणि दाबून केलेले तंतूंचे बोर्ड आकसतात. हजारात एक भाग एवढाच फरक पडला तरी दहा मीटर लांबीत तो एक सेंटीमीटर भरतो. निकेल सिल्व्हरचा रूळ, ज्यात नावापुरतीही चांदी नसते आणि जो तांबे, निकेल व जस्ताचा असतो, तो मात्र तापमानातील पाच अंशांच्या फरकाने त्याच लांबीत एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. पाया आखडला आणि रूळ तेवढेच राहिले, तर जास्तीची लांबी जाणार कुठे?

ती बाजूला जाते. दोन रुळांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट आधी मिटते. ऑगस्टमध्ये ज्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सहज सरकते, तिथे जानेवारीत नख फिरवले तर सांधा बोटाला जाणवतही नाही. त्यानंतर रुळांची टोके एकमेकांना रेटू लागतात, सांध्याजवळच्या प्लास्टिकच्या स्लीपरवरील बारीक पकडी सुटतात, आणि सरळ मार्गावर एक हलकासा वळसा तयार होतो. तो वरून दिसत नाही. डोळा रुळाच्या पातळीवर आणून, पलीकडे दिवा ठेवून, लांबवर पाहिले की दिसतो. गाडी मात्र तो बरोबर शोधते. सहा चाकांची बोगी असलेले इंजिन तिथे हमखास उतरते. उत्तरेतील जाणकार म्हणूनच लाकडाला सर्व बाजूंनी, कापलेल्या कडांसह, रंग किंवा सीलर लावतात, उन्हाळ्यात रूळ अंथरताना फटी मोकळ्या ठेवतात आणि हिवाळ्यात अंथरताना त्या नावापुरत्याच ठेवतात. विजेची जोडणीही केवळ सांध्यांच्या पट्ट्यांवर न सोपवता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार डाख देऊन जोडतात.

दक्षिणेत हे संकट दोन अगदी वेगळ्या रूपांत भेटते. गॅरेजमध्ये लेआउट असेल तर थंडीतील १० अंश आणि उन्हाळ्यातील ४२ अंश या फरकाने दहा मीटरचा रूळ खरोखरच पाच मिलिमीटरांहून अधिक वाढतो, म्हणजे इथे दोष धातूचाच असतो. घरात, एसीखाली असेल तर मात्र जवळपास काहीच होत नाही. एसी हवा गार करता करता तिच्यातील पाणीही काढून टाकतो. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा असली तरी खोलीत २४-२५ अंश आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अशी स्थिती मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत टिकून राहते. आमच्या खोलीतील फटी वर्षभर जशाच्या तशा असतात. ज्या मार्गावर गाडी उतरत नाही, तो मार्ग चालवावासा वाटतो. बांधणीकडून चालवण्याकडे माझे मन वळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

बांधणीच्या कामात उत्तरेचा हिवाळा मात्र अजोड आहे, हे मान्य करायला हवे. रुळांमध्ये खडी भरण्याचेच उदाहरण घेतो. बारीक दगडी चुरा स्लीपरांमध्ये ओतायचा, मऊ कुंचल्याने एकेका फटीत सारायचा, रुळाच्या आतल्या बाजूला एकही खडा अडकलेला नाही ना हे बोट फिरवून पाहायचे. मग पाण्यात अल्कोहोल मिसळून त्याचा हलका फवारा मारायचा, म्हणजे पुढचा पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाच्या रूपात वर न साचता आत शोषला जातो. ड्रॉपरने गोंद सोडताना खडी गडद होत जाते आणि तो गडदपणा पुढे सरकताना दिसतो; दिसला नाही तर फवारा कमी पडला असे समजायचे. तळघरातल्या कोरड्या हवेत रात्री भरलेली खडी सकाळी दगडासारखी घट्ट झालेली असे. डोंगरांच्या प्लास्टरचेही तसेच. ह्यूस्टनमध्ये वाळण्याला जास्त अवधी द्यावा लागतो, आणि एसीचा झोत थेट वर येत असेल तर वरचा थर आधी कडक होऊन आतला ओला राहतो. त्या झोताखाली मी आता खडीचे काम करतच नाही.

कोरड्या हवेची दुसरी बाजूही आहे. हिवाळ्यात गालिच्यावरून चालत येऊन इंजिनाला हात लावला की बोटातून ठिणगी उडते, आणि इंजिनातील डिजिटल डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे आदेश ओळखून मोटर चालवणारे छोटे सर्किट, अशा ठिणगीने कायमचा निकामी होऊ शकतो. तळघरात काम सुरू करण्याआधी एखाद्या धातूच्या नळाला हात लावण्याची सवय तिथे अंगवळणी पडते. दमट प्रदेशात ही चिंता बरीच कमी असते.

रंगकामाचा हंगाम तर दोन्हीकडे अगदी उलटा आहे. फवारणीसाठी खिडकी उघडी हवी किंवा बाहेर हवा सोडणारा पंखा तरी हवा. मिनेसोटात उणे २० अंशांत खिडकी उघडणे शक्य नाही, म्हणून डबे रंगवायचे काम मे महिन्यासाठी राखून ठेवावे लागे. ह्यूस्टनमध्ये जुलैत खिडकी उघडली तर दमट हवा आत येते, आणि लॅकरसारखे लवकर उडून जाणारे रंग दमट हवेत मारले तर त्यांवर दुधाळ पांढरट छटा धरते. पहाटे गारवा असतो म्हणून पहाटे रंगवावे म्हटले, तर आर्द्रता नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते. इथे रंगवायचे ते नोव्हेंबर ते मार्च या काळात. टपालाचेही तसेच: उत्तरेत पाण्यावर आधारित रंग वाटेत गोठून फुटतात म्हणून दुकाने थंडीत ते पाठवण्याबाबत आधीच सावध करतात, तर इथे उन्हात तापलेल्या टपालपेटीत दुपारभर पडलेले पार्सल पाहून आतल्या नाजूक प्लास्टिकची काळजी वाटते.

दिवसाच्या लांबीचा परिणामही कमी नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात मिनियापोलिसमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून घरी येईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख असतो, आणि जेवणानंतर तळघरात उतरले की चार तास कसे गेले ते कळत नाही. खिडकी नसल्यामुळे तिथला प्रकाश पूर्णपणे आपल्या हातात असतो. अशा सलग रात्री लाकडी सांगाडा, वायरिंग आणि प्लास्टर यांसारख्या पसारा मांडून करण्याच्या कामांना मानवतात. ह्यूस्टनमध्ये जूनअखेर साडेआठच्या आसपास सूर्यास्त होतो. संध्याकाळी बाहेर थोडे तरी फिरावेसे वाटते, आणि घरात बसवणारी वेळ असते ती दुपारी बारा ते सहा. शनिवार-रविवारच्या दुपारी मिळालेले हे दोन-तीन तास पसारा मांडून आवरण्यात घालवावेत असे वाटत नाही. गाडी सुरू करावी, दोन फेऱ्या वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण कराव्यात आणि कंट्रोलर जागेवर ठेवून उठावे, एवढ्यासाठी मात्र ते पुरेसे असतात. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच, कारण थेट उन्हाने गवताचे आणि इमारतींचे रंग पाहता पाहता विटतात.

मी जी रेल्वे उभी केली आहे ती दोन्ही घरांत एकच आहे: मिनेसोटाच्या उत्तर भागातील ड्युलुथ, मिसाबी अँड आयर्न रेंज. लोहखनिज खाणींतून सुपीरियर सरोवराच्या काठी आणायचे आणि जहाजांत ओतायचे, हे तिचे काम होते. तिचा ड्युलुथचा सहा क्रमांकाचा धक्का २,३०४ फूट लांब आहे आणि त्यात खनिज साठवून खाली जहाजात सोडण्याचे दोन्ही बाजूंना मिळून ३८४ कप्पे आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला दर बारा फुटांवर एक कप्पा. खनिजाच्या वाघिणी २४ फुटांच्या, ठेंगण्या, दोन कप्प्यांच्या मापात बसणाऱ्या. एचओ प्रमाणात हा अख्खा धक्का आठ मीटरांचा होतो. आताच्या खोलीत मी दोन मीटरांहून किंचित मोठा धक्का बसवला आहे, त्याच्या एका बाजूला ४८ कप्पे आहेत, आणि एका मार्गावर २४ वाघिणी बरोबर कप्प्यांवर उभ्या राहतात. लांबी कमी केली, पण कप्प्यांचे अंतर जसेच्या तसे ठेवले. माझ्या मते या धक्क्याचा प्राण त्या अंतरातच आहे.

ही रेल्वे उन्हाळ्याची होती, हे मला मिनेसोटात माहीत होते, पण त्याचा अर्थ ह्यूस्टनला आल्यावर उमगला. सुपीरियर सरोवराला खालच्या सरोवरांशी जोडणारी सू लॉक्स, म्हणजे जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी जलद्वारे, १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. जहाजे नाहीत तर खनिज नेण्यात अर्थ नाही. शिवाय पूर्वीचे नैसर्गिक खनिज ओलसर असे. थंडी लागली की ते वाघिणीतच गोठून बसे आणि वाफ सोडून मोकळे करावे लागे. हिवाळ्यात इंजिने इतकी रिकामी असत की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या रेल्वेची यलोस्टोन प्रकारची वाफेची अजस्र इंजिने, जी बाल्डविन कंपनीने १९४१ आणि १९४३ मध्ये मिळून अठरा बांधली होती, हिवाळ्यात डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वेला भाड्याने दिली जात. तळघरात मी जानेवारीच्या रात्री ज्या गाड्यांची जुळवाजुळव करत होतो, त्या गाड्या प्रत्यक्षात त्या रात्री उभ्या असत. आता जुलैच्या दुपारी मी भरलेली गाडी धक्क्यावर चढवतो, तेव्हा वर ड्युलुथमध्येही जहाज भरले जात असते. दक्षिणेच्या उन्हाळ्याने माझ्या लेआउटला दिलेले हे सर्वांत मोठे देणे आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

मित्रमंडळी जमवून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवण्याची बैठकही दोन्हीकडे निराळी होते. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. तळघरात सहा जण आले की खोली उबदार होई आणि सर्वांना बरे वाटे. इथल्या छोट्या खोलीत तेच सहा जण अर्ध्या तासात तापमान वाढवतात, आणि एसीचा थर्मोस्टॅट बाहेरच्या दिवाणखान्यात असल्यामुळे त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. छताचा पंखा वेगात लावला तर कोणती वाघीण कुठे न्यायची हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या उडतात. त्यामुळे आम्ही चौघेच बसतो: एक यार्डात, म्हणजे गाड्या जुळवण्याच्या जागी, एक धक्क्यावर आणि दोघे गाड्यांवर. चौघांत कामे नीट वाटली जातात आणि बोलणेही एकमेकांशी होते. उत्तरेत हिमवादळ आले की बैठक रद्द होत असे. इथे ऊन कितीही असले तरी मोटारीतून येणाऱ्याला त्याचे काही नसते.

अपवाद चक्रीवादळाचा. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची अनेक दिवस. उन्हाळ्यात एसी बंद पडला की घरातील छंदाचा सगळा आधारच निघून जातो. उत्तरेत थंडीत वीज गेली तर तळघर जमिनीच्या उबेमुळे तासन्‌तास तग धरते; इथे काँक्रीटवरचे घर दुपारपर्यंत भट्टी होते. त्यानंतर मी माझी छोटी यलोस्टोन इंजिने आणि डिकोडर उघड्यावर न ठेवता घराच्या मधल्या, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात ठेवू लागलो.

दक्षिणेला या छंदात कोणी उपरे समजू नये, असे मला आवर्जून सांगायचे आहे. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची स्थापना १९३५ मध्ये उत्तरेतल्या मिलवॉकीत झाली, पण तिचे मुख्यालय आज टेनेसीत आहे. 'मॉडेल रेलरोडर' मासिक १९३४ मध्ये मिलवॉकीतच सुरू झाले. २०२४ पासून त्याची मालकी टेनेसीतल्याच चॅटनूगाच्या कंपनीकडे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली जन्मलेल्या लायोनेलचे ठाणे आता नॉर्थ कॅरोलायनात आहे. डिजिटल नियंत्रणाची यंत्रे बनवणारी डिजिट्रॅक्स आणि इंजिने विकणारी ब्रॉडवे लिमिटेड या दोन्ही फ्लोरिडातल्या. यामागे हवामान असेलच असे नाही, व्यवसायाची गणिते वेगळी असतात. पण 'हा हिवाळ्याचा छंद आहे' असे सांगणाऱ्याने हा नकाशा एकदा पाहावा.

उत्तरेतून इकडे येणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की लेआउट दारातून जातील अशा तुकड्यांत बांधा, मोठ्या वळणांचा मोह सोडा आणि गॅरेजपेक्षा लहान का असेना, पण घरातली खोली निवडा. मी स्वतः वर्षाची आखणी सू लॉक्सच्या तारखांवर बसवली आहे. २५ मार्चला धक्क्यावर पहिली गाडी चढते आणि उन्हाळाभर दर आठवड्याला खनिज उतरते. १५ जानेवारीनंतर वाहतूक बंद. त्या दिवसांत ह्यूस्टनची हवा सुरेख असते, खिडक्या उघडता येतात, आणि खरी रेल्वे जशी हिवाळ्यात वाघिणी कारखान्यात घेऊन दुरुस्त करत असे, तशाच मीही माझ्या वाघिणी उतरवून त्यांची चाके पुसतो, डबे एकमेकांना जोडणारे कपलर तपासतो आणि नव्या डब्यांना रंग देतो.